चुन्याचा डोळा

"काकू, डोळ्यात चुना कधी गेला होता?"

लीनानं हे सहज विचारलं, गाव कोणतं विचारावं तसं. सावंगीच्या दवाखान्यात, ज्या डोळ्यांवर साधी लेन्स टिकत नाही अशा डोळ्यांना लेन्स बसवायचं काम ती करायची. भागीरथाची हनुवटी यंत्रावर टेकवलेली होती आणि डावी पापणी लीनाच्या बोटाखाली होती. चुन्याचं नावही भागीरथानं काढलं नव्हतं.

"तुले कोणं सांगतलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बुबुळ पांढरं झालंय, पापणी आतून डोळ्याला चिकटली आहे. चुन्यानं भाजलं की असंच होतं."

भागीरथा मागे सरली. बेचाळीस वर्षं ती हेच सांगत आली होती. ऐकणारं आज पहिल्यांदा भेटलं, आणि तिला तर सांगावंही लागलं नाही.

लग्न होऊन ती वडनेरला आली, त्याच वर्षीची गोष्ट. तेव्हा दिवाळीच्या आधी सगळं गाव चुन्यानं पांढरं व्हायचं. अंगणातल्या पिंपात कळीचा चुना रटरट उकळायचा, त्यात निळीची पुडी पडायची, आणि चकल्यांच्या वासाच्या आधी भिंतींचा ओला वास घरभर व्हायचा. थोरली जाऊ वच्छलाबाई ओसरीची भिंत रंगवत होती. तिचे पट्टे तिरपे चालले होते. एकोणीस वर्षांच्या भागीरथाला हसू आवरेना.

"बाई, भिंत कुठी चालली? हिंगणघाटले का?"

वच्छलाबाई वळली आणि तिनं हातातला भरला कुंचा धाकटीच्या तोंडावर झाडला.

डोळा आठ दिवस जळत होता. वच्छलाबाईनं सासूला सांगितलं, पोरीच्या डोळ्यात माता आली. माता म्हटल्यावर दवाखाना कसला? कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला, संपलं. नवरा तानबा कानाशी येऊन म्हणाला, "घरची गोष्ट घरात राहू दे." डोळ्यात पांढरं फूल पडलं ते पडलंच.

तेवढ्यावर थांबलं असतं तर भागीरथानं गिळलंही असतं. पण वच्छलाबाईनंच पुढे दंडक घातला: मातेनं कोपलेला डोळा, शुभकार्यात नको. घरात बारसं असलं की भागीरथा मागच्या अंगणात भांडी घासायची. ओटीभरण असलं की चुलीपाशी. ती गल्लीतून निघाली की बाया लेकरांच्या गालाला काजळ लावायच्या. तिच्या स्वतःच्या रजतच्या बारशाला पाळण्याची दोरी वच्छलाबाईनं ओढली, आणि आईनं आपल्या पोराचं नाव दाराआडून ऐकलं.

तोच रजत आता बोरगाव मेघेला राहत होता, वर्धेच्या एका कचेरीत कारकून होता. त्यानंच आईला हट्टानं सावंगीला आणलं.

काम सोपं नव्हतं. तयार लेन्स घातली की पापणी तिला ढकलून द्यायची. लीनानं पाच-सहा वेगवेगळ्या घालून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी मान हलवली. शेवटी डोळ्याचा साचा घेतला आणि त्यावरून लेन्स बनवून मागवली. चांगली मोठ्या गुंडीएवढी होती. तिच्यावर उजव्या डोळ्यासारखा तपकिरी रंग होता, आणि बाहुलीची जागा तेवढी आरपार ठेवलेली. रबराच्या छोट्या दांडीवर ती बसवायची, काठोकाठ औषधी पाणी भरायचं, तोंड खाली करून डोळा तिच्यावर टेकवायचा. आत हवेचा बुडबुडा राहिला की काढा आणि पुन्हा घाला. पहिल्या दिवशी भागीरथानं नऊ वेळा घातली. नवव्या वेळी डाव्या डोळ्याला लीनाची पिवळी ओढणी दिसली. अंधुक दिसली, पण पिवळी दिसली. आरशात दोन्ही डोळे सारखे होते. भागीरथा लीनाचा हात धरून रडली.

वडनेरला परतली त्याच संध्याकाळी वच्छलाबाई मधलं अंगण ओलांडून आली. दोन्ही घरं एकाच अंगणातली. तिनं भागीरथाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि कानशिलावर बोटं मोडली.

"पाह्य कशी दिसून राह्यली! देवीनं देल्लं होतं, देवीनंच नेलं. आता रूपालीची पहिली ओटी तूच भरजो. फोटोत माह्याजवळ बसजो."

रूपाली वच्छलाबाईची नातसून. तिला सातवा लागला होता.

भागीरथाच्या अंगाची लाही झाली. ते पांढरं फूल तिचा एकुलता एक साक्षीदार होतं. तो तपकिरी रंगाखाली झाकला गेला, आणि सगळ्यात जास्त आनंद झाला तो कुंचा झाडणाऱ्या हाताला. तरी ती गोड आवाजात म्हणाली, "येईन नं, बाई."

तानबाला तिचं तोंड पाहूनच शंका आली. "आता सारं नीट झालं. काऊन जुनं उकरतं?"

"तुमी फक्त जेवाले या. बोलू नका. तुमाले सवय हाये त्याची."

ओटीभरणाला ओसरी बायांनी भरली होती. रूपाली हिरव्या साडीत पाटावर बसली होती. वच्छलाबाईनं खण-नारळाचं ताट भागीरथाच्या हाती दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवीची किरपा झाली इच्यावर."

भागीरथानं ताट खाली ठेवलं. पिशवीतून रबराची दांडी काढली, मान वाकवली, आणि लेन्स काढून डबीत टाकली. मान वर केली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई मागे सरकली.

"भागीरथा! हे काय करून राह्यली? शुभ वेळ हाये."

"म्हणूनच. या डोळ्यानं भरीन ओटी." तिनं ताट पुन्हा उचललं. "नाई तर सांगा साऱ्यायले, हा डोळा कसा गेला. माता आलती का?"

"भरा, आजी," रूपाली म्हणाली. "मले काई होत नाई."

"चूप बस तू!" वच्छलाबाई नातसुनेच्या पुढ्यात आडवी झाली. दुसऱ्यांना घाबरवता घाबरवता तीही त्या डोळ्याला मनापासून भ्यायला लागली होती. भागीरथानं एक पाऊल पुढे टाकलं.

"थांब! नव्हती आली माता. चुना होता. माह्या हातचा कुंचा होता. झालं समाधान?"

मग दाराशी बसलेली सुलोचनाबाई, शेजारच्या नत्थूजीची बायको, बोलली, "म्हणजे बेचाळीस वर्षं आमच्या लेकरायले फुकट काजळ लावलं म्हणा की, वच्छलाबाई!" कुणीतरी फिस्सकन हसलं. वच्छलाबाईनं पदर तोंडावर घेतला.

भागीरथा खाली बसली आणि रूपालीच्या पदरात नारळ घालू लागली.

"अवं, सांगतलं नं मी! आता काऊन भरतं?"

"सांगतलं म्हणूनच भरतो, बाई. चुन्याची दृष्ट लागत नसते. लागते का?"

वच्छलाबाईनं हो म्हणावं तर आत्ताची कबुली खोटी, नाही म्हणावं तर बेचाळीस वर्षांचा दंडक खोटा.

ओटी भरून झाली. भागीरथानं डबी वच्छलाबाईपुढे सरकवली.

"हात धुऊन या. साबणानं. आता ही तुमी घालून द्या."

"मले नाई जमत ते."

"जमते. आठ खेपा मले नव्हती जमली."

सगळ्या बाया पाहत होत्या. वच्छलाबाईला उठावंच लागलं. लेन्स दांडीवर बसली, पाणी भरलं, आणि वितीभर अंतरावरून तिला त्या पांढऱ्या डोळ्यात पाहावं लागलं. पाणी सांडलं.

"पुन्हा."

दुसऱ्या वेळी बुडबुडा राहिला.

"पुन्हा. आन् उद्यापासून रोज सकाळी सातले येजा. जोवर हात चालतात तोवर."

"भागीरथा, माफ कर व माय."

"हात हलवू नका," भागीरथा म्हणाली, आणि डोळा सताड उघडा ठेवला.