कुर्ताचा डबा आणि मी

मित्रांनो, मी कीटक पकडायची एक जुनी जाळी आहे. जुनी आहे, पण निवृत्त झालेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

इली नदीकाठच्या आमच्या गावात उल्झानबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. लहानथोर सगळे त्यांना आपाय, म्हणजे ताई, म्हणतात. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा कापून मला शिवलं आणि मोडक्या दाताळ्याचा दांडा लावला. त्यांचे यजमान करवादले, "अगं, पडदा कापलास! शेजाऱ्यांनी आत डोकावलं तर?"

"डोकावू देत. तुम्ही चहा कसा भुरकता ते कळेल त्यांना."

चौदा उन्हाळे आम्ही एकच वाट तुडवली. आधी गावालगतची पाणथळ, मग सफरचंदांच्या बागा. दोन्हीकडे मोजून पन्नास फटकारे मारायचे आणि चतुर, भुंगेरे, टोळ, माश्या, जे हाती लागेल ते वहीत लिहायचं. सुरुवातीला लोक कौतुकाने बघायचे. पुढे मी विरत गेले, एक भोकही पडलं आणि टोमणे सुरू झाले. "काय आपाय, आज किती माश्या मारल्या?" मला राग यायचा. अजूनही येतो.

यंदा आमच्या अकीमने, म्हणजे गावच्या कारभाऱ्याने, पाणथळ बुजवून तिथे बाजार बांधायचं ठरवलं. येर्मुरात त्याचं नाव. आपायांचाच जुना विद्यार्थी. त्याने गावसभा बोलावली. आपाय मला घेऊन गेल्या आणि सोबत एक डबाही नेला. डब्यात पाणथळीतला ओला चिखल आणि त्यात जिवंत अळ्या होत्या. झाकणावर त्यांनी ठळक लिहिलं होतं, 'कुर्त'.

आता आमच्याकडे अळीलाही कुर्त म्हणतात आणि दह्याच्या वाळवलेल्या खारट गोळ्यांनाही कुर्तच. चहा मांडणाऱ्या बातेशने तो खाऊचा डबा समजून घाईत झाकण काढलं आणि सरळ अकीमपुढे ठेवला.

"त्या डबक्यात आहे तरी काय? नुसते डास!" असं म्हणत येर्मुरातने न बघताच डब्यात हात घातला. पुढच्या क्षणी तो खुर्चीसकट मागे सरकला. "आपाय! हे काय वळवळतंय?"

"कुर्त. झाकणावर लिहिलंय की."

सभा हसून लोळली. आपाय मात्र हसल्या नाहीत. "ही शेपटीवाली अळी तुझ्या त्या डबक्यात वाढते. हिची माशी होते आणि ती आपल्या सफरचंदांच्या फुलांवर बसते. दोन्हीकडे मी ती याच जाळीने धरलीय. डबकं बुजवलंस तर फुलांवर कोण बसणार? तू?"

येर्मुरातचे कान लाल झाले. माझ्या भोकात बोट घालून तो ओरडला, "आणि या फडक्याचं ऐकून मी गाव चालवू?"

तेव्हा बातेश उठली. तिची बाग पाणथळीला लागूनच आहे. "भोक मी शिवते. पाणथळीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!" मग एकेक करत सगळ्यांचे हात वर झाले. अकीमने तोंड वाकडं करून पाणथळीचा उपयोग सिद्ध करायला एका वर्षाची मुदत दिली.

आता शाळा म्हणते, या म्हातारीला काचेच्या कपाटात ठेवू. मी नाही जायची! वर्षभरात पुरावा गोळा करायचाय. उद्या सकाळी मी लव्हाळ्यात असेन. मित्रांनो, मला जपू नका, वापरा. मी फाटले तर बातेश ठिगळ लावेल. बुजवलेल्या पाणथळीला ठिगळ लावता येत नाही.