गाडीत जागा नाही

नवी विजेची क्रॉसओव्हर गाडी येणार, येणार म्हणून सगळा बाजार नुसता उतू चालला होता. गाडी अजून कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण एका चार्जमध्ये ती किती जाणार यावरून पंक्चरवाला आणि बॅटरीवाला रोज हमरीतुमरीवर यायचे. पंक्चरवाला म्हणायचा, "पाचशे किलोमीटर! कंपनीनं सांगितलंय." बॅटरीवाला म्हणायचा, "कंपनीचे पाचशे म्हणजे आपले साडेतीनशे. एसी लावलास की त्यातूनही वजा." किमतीबद्दल कंपनी 'लवकरच' एवढंच सांगत होती आणि बाजारात मात्र रोज नवा आकडा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

या गोंधळात एक बाई तोंड मिटून, पण कान टवकारून बसलेली असायची. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची, म्हणून बाजार तिला कव्हरताई म्हणायचा. तिला गाड्यांचं वेड मुळीच नव्हतं. तिला ही गाडी हवी होती ती भावाच्या नाकावर टिच्चून त्याच्या फाटकासमोर उभी करायला.

त्याचं असं झालं होतं. बाबांचं काही खरं नाही असा आईचा गावाहून निरोप आला, तेव्हा तिच्याकडे गाडी नव्हती. दादा दोन गल्ल्या सोडून राहायचा. ती हाताला लागली ती पिशवी उचलून धावत गेली, तर त्याची गाडी सुरूच होती. पुढे दादा आणि वहिनी, मागे त्यांचा मुलगा, आणि मुलाशेजारी वहिनीच्या दोन बॅगा. दादानं काच अर्धीच खाली केली. "गाडीत जागा नाही गं. बस असते ना तासातासाला." एवढं बोलून तो गेला.

त्या मागच्या सीटचं कव्हर हिनंच शिवलं होतं, भावाची गाडी म्हणून फुकट. तिथं तीन माणसं ऐसपैस बसतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. बस वाटेत बंद पडली. ती पोचली तोवर बाबा गेलेले होते. बॅगा मात्र वेळेवर पोचल्या होत्या.

त्यानंतर तिनं एक जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून तिथं रेक्झिनचे रोल आणि फोम भरला. दादा त्या व्हॅनला 'डबा' म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची. मनातल्या मनात मात्र दातओठ खायची.

"गाडी घेतेयस की सूड?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"सूडच," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "गाडी त्यावर फुकट."

"मग किंमत कशाला विचारतेस रोज?"

"सूड परवडला पाहिजे ना!"

आईचं घर तीनशे किलोमीटरवर. बॅटरीवाल्याचा हिशेब धरला तरी गाडी वाटेत कुठं न थांबता तिथवर जाणार होती. तिला तेवढं बास होतं.

बुकिंग उघडलं त्या सकाळी ती शटर अर्धं वर ठेवून मोबाइलला चिकटून बसली. वेबसाइट गोल गोल फिरत राहिली. तिनं कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेवटी एकदाचा नंबर आला. दुपारी दादाचा फोन. एरवी महिना महिना फोन न करणारा माणूस!

"मीही बुक केली बरं का," तो फुशारून म्हणाला. "आणि ऐक, जुनी गाडी आत्ताच शोरूमला जमा केली तर किमतीत जादा सूट होती. टाकली देऊन! तुझा नंबर कितवा?"

तिनं सांगितला. "आं? माझ्या आधी?" तो म्हणाला. तिचा नंबर त्याच्या बराच पुढे होता.

फोन ठेवला आणि ती एकटीच खदखदून हसली. फुकट ते पौष्टिक म्हणत दादा स्वतःच्या पायानं पिंजऱ्यात शिरला होता. तिची गाडी आधी येणार, त्याची नंतर, आणि मधले काही आठवडे दादासाहेब पायी! दर महिन्याला आईला भेटायला जायची वेळ येणारच. तेव्हा ती त्याच्या फाटकाशी गाडी उभी करणार, काच अर्धीच खाली करणार आणि ते तीन शब्द म्हणणार. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या ती ते शब्द घोकायची. कधी गोड आवाजात, कधी सहज, आठवल्यासारखे. सहज म्हटलेले तिला जास्त आवडायचे.

गाडीची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. पंक्चरवाला आणि बॅटरीवाला आता गाडी येणार की नाही यावर भांडायला लागले. दादा रिक्षानं फिरत होता आणि शोरूमला शिव्या घालत होता. तिला काही घाई नव्हती.

आणि मग एका दुपारी आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला एकाएकी धाप लागली होती, डॉक्टर येऊन गेले होते. "दोघांनाही बोलावतेय," काकू म्हणाल्या. "उशीर करू नका."

नवऱ्यानं दुकान बंद केलं, तिनं व्हॅन काढली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दादा दिसला. हातात बॅग, धापा टाकत, शर्ट पाठीला चिकटलेला. तो सरळ व्हॅनच्या खिडकीशी आला.

"बरं झालं भेटलीस. टॅक्सीवाला एवढ्या लांब यायला तयार नाही. मागे बसतो मी, कसाही."

ती नवी गाडी नव्हती. काच खालीवर करायलाही हँडल फिरवावं लागायचं. पण तिनं ते शांतपणे फिरवलं आणि काच अर्ध्यावर आणली.

"गाडीत जागा नाही रे दादा. बस असते ना तासातासाला."

दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याला आठवलं होतं. ते त्याला आठवलेलं पाहून तिला जे सुख झालं, ते तिला आजवर कशानंच झालं नव्हतं.

"अगं, दोन रोल उतरवू की," नवरा हळूच म्हणाला.

"रोल राहतील."

तिनं गिअर टाकला. आरशात दादा बॅग घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता. वळणापर्यंत ती आरशातच बघत होती. वाटभर नवरा खिडकीबाहेर बघत होता. ती मात्र गुणगुणत होती. बाबा, घ्या, फेडलं मी, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

आई उशीला टेकून बसलेली होती. श्वास लागला होता, पण शुद्धीवर होती. हिला बघून ती हसली, आणि लगेच हिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे बघायला लागली.

"दादा?"

"येतोय मागून. बसनं."

"बसनं का? तुझी गाडी आहे ना?"

ती आईचं पांघरूण सारखं करायला लागली. आईनं तिचा हात धरला. आईचा हात बर्फासारखा गार होता.

"तुझे बाबासुद्धा असेच दाराकडे बघत होते गं," आई थांबून थांबून म्हणाली. "तुझ्यासाठी. शेवटपर्यंत. मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या जिवाला लागलं असतं."

नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर व्हॅनमध्ये रेक्झिनचे रोल आरामात पडले होते.

"ती नवी गाडी आली की दोघं एकदमच या," आई म्हणाली. "एकाच गाडीतून. मला बघायचंय तुम्हाला तसं."

"हो आई."

"किती जाते म्हणे ती, एका दमात?"

"इथवर येते. वाटेत थांबावं लागत नाही."

आईनं मान हलवली आणि पुन्हा दाराकडे बघायला लागली. कव्हरताईनं स्टूल ओढलं आणि दार दिसू नये अशी आईच्या समोर बसली. आईनं मान थोडी वाकडी केली आणि तिच्या बाजूनं बघत राहिली.

"बस कुठवर आली असेल हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.