चार बोटं जास्तीचं कापड

"रेघ खाली उतरली म्हणजे चांगलंच झालं, हे ठरवलं कुणी?" मागच्या बाकावरून मावशींनी विचारलं आणि कॅन्टीनभर हसू पसरलं.

समोरच्या भिंतीवर चादरीएवढा कागद टांगला होता. डावीकडे उंच चढलेली लाल रेघ उजवीकडे येता येता तळाला टेकायला आली होती. डॉक्टरीणबाईंनी हातातली पट्टी खाली घेतली.

"मावशी, ही माणसं मरण्याची रेघ आहे. ती खालीच यायला हवी."

"कुठली माणसं?"

"ह्याच घासणीतली. वीस ते पस्तीस वयाचे पुरुष. पंचवीस वर्षांपूर्वी असे शंभर कामाला लागले, तर दहा वर्षांत त्यातले अठरा जायचे. आता दोन जातात."

घासणी म्हणजे दगडाच्या फरशा घासून आरशासारख्या करायचा कारखाना. तिथल्या कामगारांचे कपडे धुणं, उसवलं-फाटलं शिवणं हे मावशींचं काम. त्यांचा मुलगा ह्याच घासणीत लागला आणि तिशी गाठायच्या आत छातीत धूळ भरून गेला. आता त्याचा मुलगा, म्हणजे मावशींचा नातू, तिथेच लागायचं म्हणत होता. नव्याने लागणाऱ्यांच्या घरच्यांना आज मुद्दाम बोलावलं होतं. शेजारी मान खाली घालून बसलेल्या नातवाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आजी हो म्हणाली तरच.

"जायचे म्हणजे कुठे जायचे हो?" मावशी उभ्याच राहिल्या. "देवाघरी, का आपापल्या घरी? खोकला लागला की मालक म्हणायचा, जा बाबा, विश्रांती घे. माणूस घरी जाऊन मरायचा. तो तुमच्या कुठल्या रेघेत बसला?"

आता कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत.

"हा संशय मलाही आला होता. म्हणून काम सोडून गेलेल्यांच्याही घरोघरी माणसं पाठवली. तेव्हाचे धरलेत आणि आताचेही धरलेत."

"असेल. आकडे तुमचे आहेत, पण भिंत मालकाची आहे."

मुकादम पोट धरून हसला. हा मुकादम मावशींच्या मुलाचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. तेव्हा तो इतका किडकिडीत होता, की पोरांनी त्याचं नाव 'काडी' ठेवलं, आणि आता दारातून तिरका होऊन शिरायची वेळ आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

"मावशी, तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही त्याच्याकडे ओळखपत्र मागाल," तो म्हणाला.

"मागेन. सोंगं काय कमी असतात?"

घरी येताना सून दोन पावलं मागून चालत होती. नवरा गेला तेव्हा पोर तिच्या कडेवर होतं. सासूला उलट बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी चुलीपाशी बसल्यावर ती बोलली.

"जाऊ दे त्याला."

"तुला पण ती रेघ पटली?"

"रेघेचं मला काय कळतंय! पण आई, तुम्ही इतकी वर्षं सांगता, ह्यांना देवाचं बोलावणं आलं. बोलावणंच असेल तर घासणीत गेला काय आणि घरात बसला काय. मग ह्याला अडवता कशासाठी?"

मावशींच्या हातातला पेला हातातच राहिला. 'बोलावणं' हा शब्द त्यांनी चितेच्या निखाऱ्यांवर राख घालावी तसा मुलाच्या मरणावर घातला होता. त्याखाली हात घालून बघायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

"देवाला हल्ली तरुण पोरं लागेनाशी झाली का?" त्या शेवटी पुटपुटल्या. "तेव्हा अठरा लागायची, आता दोनावर भागतं?"

सुनेने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

माणसाचं मन मोठं विचित्र. एकदा सापाने डसलं की ते दोरीलाही भितं. पण दोरीला भिणाऱ्याला हसू नये, कारण त्याचा अंधार आपण पाहिलेला नसतो. मावशी दोन दिवस त्या रेघेभोवती फिरत राहिल्या. डॉक्टरीणबाईंचा पगार कोण देतं, त्यांनी मालकाचा चहा घेतला की नाही, हेही त्यांनी कॅन्टीनवाल्याला खोदून खोदून विचारलं. "आपला डबा आणि आपली बाटली घेऊन येतात," तो म्हणाला. तर मावशींना त्याचाही संशय आला. चहासुद्धा न घेणारी बाई म्हणजे पक्कीच असणार!

तिसऱ्या दिवशी मुकादम धुलाईघरात आला आणि पँट पुढे करून लाजत उभा राहिला.

"पुन्हा?" मावशी म्हणाल्या.

"ढिली करा ना जरा. बटण श्वास घेऊ देत नाही."

"अरे काडी, आता ढिली करायला कापड उरलंय कुठे? पडद्याचा जोड देऊ?"

"द्या. वरून डगला असतो, कोण बघतंय."

मावशींनी पँट उलटी केली. आतल्या पट्टीवर लाल दोऱ्याने काढलेली किल्ली होती. घासणीत कपड्यांवर नावं नसत, खुणा असत. कुणाची किल्ली, कुणाचा मासा, कुणाचं पान. एक माणूस गेला की त्याचे कपडे खुणेसकट पुढच्याला द्यायचे, अशी जुनी रीत. मावशींनी फक्त एक खूण कुणाला दिली नव्हती. त्यांच्या मुलाची होडी.

उसवता उसवता त्यांचा हात थांबला. किल्लीखाली एक शिवण सोडल्याची रेघ होती, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्षं होती ती. मावशी उठल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या पँटी एकेक करून उलट्या करू लागल्या. मासा दोनदा ढिला केलेला होता. पानाला तर त्यांनीच मागच्या थंडीत जोड दिला होता. पूर्वी काय व्हायचं? वर्ष-दोन वर्षांत कुठली ना कुठली खूण दुसऱ्याच्या अंगावर जायची आणि मावशींना कंबर आवळावी लागायची, कारण नवा पोरगा आणखी बारीक असायचा. शेवटची कंबर आवळली कधी, ते त्यांना आठवेना. कुणाची पँट ढिली करताना आपण कुरकुरलो, खादाड म्हणून चेष्टा केली, एवढंच आठवत होतं.

ही भिंत मालकाची नव्हती. शिवण त्यांच्याच हातची होती.

"मावशी, काय झालं? पँट द्यायची नसेल तर तसं सांगा."

"काडी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही पोरं आता मरत नाही, ते कशाने?"

मुकादम क्षणभर गोंधळला. "पाण्याने. घासताना फरशीवर सतत पाणी सोडतो. धूळ उडतच नाही. चिखल होऊन खाली बसते. म्हणून तर कपडे असे येतात तुमच्याकडे, आणि तुम्ही आम्हाला शिव्या देता."

"एवढंच?"

"तोंडाला पट्टी असते. पण खरं म्हणजे एवढंच. पाणी."

"आणि तेव्हा? तेव्हा नळ नव्हता?"

मुकादमाने पँटकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याचा थट्टेचा सूर कुठल्या कुठे गेला.

"होता, मावशी."

"कुठे होता?"

"हाच नळ. ऑफिसपुढच्या हिरवळीला जायचा."

बाहेर दोरीवरच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. मावशी तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी ज्या देवाच्या नावावर सगळं ढकललं होतं, त्याने कधी तक्रार केली नव्हती. मुकाट्याने ते ओझं वाहिलं होतं. त्या भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटून त्यांनी हात जोडले.

"मावशी, बसा जरा. पाणी देऊ?"

"आत्ता देतोस होय?" त्या म्हणाल्या. मुकादम मान खाली घालून निघून गेला. पँट तिथेच राहिली.

संध्याकाळी नातू घरी आला तेव्हा त्याचे नवे कोरे कामाचे कपडे मावशींच्या मांडीवर होते. सून दिव्याजवळ सुईत लाल दोरा ओवून देत होती. नातवाने वाकून पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"आजी, होडी?"

"मग काय, माशाला पाण्याबाहेर काढू? तो अजून जिवंत आहे. घालून बघ."

त्याने पँट चढवली, इकडेतिकडे वळून पाहिली. "इथं आत काहीतरी जाडजूड लागतंय. एवढं कापड कशाला दुमडलंस?"

"चार बोटं जास्त ठेवलंय. असू दे."

"टोचतंय ना पण!"

"टोचू दे. पोट सुटलं की लागेल."

सून पदराआड हसली, की रडली, ते त्या उजेडात नीट कळलं नाही.

"आणि ऐक," मावशी म्हणाल्या, "कपडे रोज चिखलाने माखलेले आले पाहिजेत. कोरडा डगला घेऊन दारात आलास तर आत घेणार नाही. नळ बंद दिसला की यंत्र सोडायचं आणि सरळ घरी यायचं. मुकादम काही बोलला तर म्हणावं, तुझी पँट आजीच्या ताब्यात आहे."

पहिल्या दिवशी नातू परतला तेव्हा त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्याने डगला काढून दिला. मावशींनी तो नाकाशी नेला, बोटांनी चोळला, दोन्ही खिसे उलटे करून आतल्या शिवणीत नख घातलं. मग त्या उठून अंगणात गेल्या. मुलाचा डगला रोज झटकायच्या तशाच त्यांनी तो दोन्ही हातांनी खांद्याला धरून उंच उचलला. तेव्हा पिठासारखा पांढरा ढग उठायचा आणि दारातल्या पायरीवर सावकाश उतरायचा.

त्यांचे हात वरच थांबले. झटकण्यासारखं काही नव्हतं. डगल्यातून राखाडी पाणी ठिबकत होतं, त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत येत होतं आणि तिथून पायरीवर पडत होतं.