चादर बदलताना

बुधवारी दुपारची ड्युटी संपवून नर्स तिसऱ्या मजल्यावर पोचली, तेव्हा जिन्यातच तिला वास आला. दार नुसतं लोटलेलं होतं. चर्चमध्ये तीस वर्षं ऑर्गन वाजवलेल्या बाई खुब्याचं हाड मोडल्यापासून चार महिने पलंगाला खिळल्या होत्या. मागेपुढे कुणी नाही. पलंगाभोवती दर बुधवारसारखे सहाजण डोळे मिटून उभे होते, आणि नर्सचा थोरला भाऊ, त्याच चर्चचा पाळक, हात उंचावून मागत होता, "प्रभू, हिचा विश्वास अढळ राहू दे."

चादर कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओली होती.

नर्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमेन!" ती ओरडली. "झालं? आता सरका."

"प्रार्थना चालू आहे," पाळक दबक्या आवाजात म्हणाला.

"दादा, डोळे मिटलेत ते कळलं. नाकं पण मिटलीत का रे?"

एक बाई पर्स सावरत दाराकडे सरकली. तिच्यामागे उरलेलेही.

"हे बघ, चिमे," पाळकाच्या तोंडून घरातलं नाव निघालं. "माणूस विश्वासाने तरतो. चादरी धुऊन स्वर्गात जागा मिळत नाही. बाबांनीच शिकवलंय आपल्याला."

"हो, आणि बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आईने एकटीने काढलं सगळं! मला स्वर्गात जागा नकोय. मला आत्ता पलीकडून धरायला एक माणूस हवाय."

तिने चादरीचं टोक खसकन ओढलं. बाई कळवळल्या.

"हळू गं! हे डोळे मिटतात, तू दात आवळतेस. माझ्याकडे बघतं कोण?"

नर्सचे कान तापले. निदान मी येते तरी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जिना चढताना ती भावाला काय काय सुनावायचं तेच जुळवत होती. बाईंचा विचार मनात नव्हताच.

पाळकाने बाह्या सरसावल्या. "कुठे धरू?"

"खांदा आणि कंबर. ओढू नकोस, कुशीवर वळव."

बाई कुशीवर वळल्या आणि त्याला पाठीखालची जखम दिसली. तळहाताएवढी, कडेने काळी.

"हे कधीपासून?"

"सहा आठवडे. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मी ड्युटी सांभाळून दोनदा येते. तू सहा बुधवार इथेच उभा होतास."

तो तसाच धरून राहिला. नर्सने जखम धुतली, कोरडी चादर घातली. मग खाली वाकून विचारलं, "बाई, फार दुखतंय का?"

"दुखतंय," बाई म्हणाल्या. "आज विचारलंस."

दुसऱ्या दिवसापासून पाळक रोज सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. जखम मात्र भरली नाही. महिन्याभरात बाई गेल्या.

दफनानंतर ती पर्सवाली बाई नर्सजवळ येऊन म्हणाली, "तुमचा भाऊ किती बदलला हो!"

"बदलला," नर्स म्हणाली, पाळकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तुम्ही कधी बदलताय?"