सोमवारी इंग्रजीचा वर्ग

"हाऽऽ होऽऽ, उडा गं बायांनो, उडा!"

शेतातल्या माळ्यावर उभी राहून तानुआत्या ज्वारीवरची पाखरं उठवायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. गोफण फिरली की पाखरं या अंगानं उठायची आणि त्या अंगाला बसायची. आत्याचा गळा बसून जायचा, पाखरांचं काही अडायचं नाही. चौसष्टच्या मे महिन्यात पुंजाजी गुरुजींच्या शाळेत मला त्या बसलेल्या गळ्याची रोज आठवण यायची.

जूनपासून पाचवीला इंग्रजी लागणार होतं आणि ते शिकवणाऱ्या मास्तरांना आधी शिकवायचं होतं. मी शिक्षण खात्यातली विस्तार अधिकारी. वरवट बकालच्या पलीकडच्या एका गावात दहा दिवसांचा वर्ग भरवायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारपर्यंत सोय झाली नाही, तर वर्ग बुलढाण्याला जाणार होता. तसं झालं तर गोजरबाईसारखी, अंगावर पितं मूल असलेली मास्तरीण येणारच नव्हती. वर्ग इथंच ना, असं तिनं मला वाटेत अडवून दोनदा विचारलं होतं. दोन्हीदा मी छातीठोकपणे हो म्हटलं होतं.

पुंजाजी गुरुजी तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. पन्नाशीचे, गुळाच्या खड्यासारखे गोड. चहा पाजल्याशिवाय नाही म्हणायचे नाहीत. मोठी खोली मागितली, तर ती लग्नाच्या वऱ्हाडाला दिलेली निघाली. मी नवरीच्या बापाला भेटून वऱ्हाड मारुतीच्या देवळात हलवलं. मग कळलं, तरटपट्ट्या उंदरांनी कुरतडल्या. शेजारच्या गावाहून बैलगाडीत दुसऱ्या आणल्या. त्या उतरवते न उतरवते तोच गुरुजी म्हणाले, विहीर आटली. मी वाकून पाहिलं, तर खाली पाण्यात माझंच तोंड, घामेजलेलं, उन्हानं आंबलेलं.

"पाणी आहे की, गुरुजी."

"आटलं म्हन्जे, हळूहळू आटून राह्यलं, बाई," ते शांतपणे म्हणाले आणि चहा सांगायला निघाले.

रविवारी पोरांचा प्रश्न तेवढा उरला. नव्या मास्तरांनी शिकवून पाहायचं, तर समोर खरी पोरं हवीत. गुरुजी म्हणाले, सुटीत कुठली पोरं? काही ढोरांमागं गेली, काही मामाच्या गावाला. मी डोक्यावर पदर घेतला आणि नदीकडं चालू लागले. पात्रात रेती तापली होती, काठावरच्या निंबाखाली मात्र गारवा होता, आणि त्या गारव्यात पंधरा-वीस पोरं चिंचोके खेळत बसली होती. उद्या शाळेत येता का, विचारलं, तर सगळी एकमेकांकडं पाहू लागली. शेवटी एक पोरगी म्हणाली, "यायचं त होतं. पन गुरुजीनंच सांगतलं, येऊ नका म्हून."

परत येईपर्यंत माझ्या अंगाची लाही झाली होती.

"गुरुजी, वर्ग नको असेल तर तसं तोंडानं सांगा. मी आजच बुलढाण्याला कळवते. गोजरबाईला मात्र तुम्हीच जाऊन सांगायचं."

चहा आला नाही. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते तिच्या कडेवरून बोट फिरवू लागले.

"तुमी वर्गाले बसनाऱ्या मास्तरायची यादी मागतली तवा तिघायचे नावं देले. चौथं माहं लिहलं न खोडलं. काल लागलेल्या पोट्ट्यायसंगं तरटावर कसा बसू? बसलो न चुकलो, त उद्या माहं कोन ऐकन?"

"म्हणून सगळ्यांचाच वर्ग मोडायचा?"

गुरुजींनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"परवा नातीनं ते पाचवीचं नवं पुस्तक पुढं केलं. आबा, वाचून दाखवा, म्हने. मी म्हटलं, अंधार पडला, दिसत नाई. दुपारचे दोन वाजले होते, बाई. मले येत नाई. मले शिकाचं हाये."