आजोबांचा रकाना

आजोबांच्या दुकानात रंग असा एकच, पांढरा. खुंटीवर टांगलेले पांढरे, टेबलावर बेतलेले पांढरे, आणि कोपऱ्यातल्या गाठोड्यात कधीकाळी पांढरे असलेले. चाळीस वर्षं ते डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांचे ॲप्रन शिवत होते आणि फाटले की दुरुस्तही करत होते. डॉक्टरकीतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. पण मुलगा डॉक्टर कसा होत जातो, ते मात्र शिवणीच्या बाजूने त्यांना पुष्कळ दिसलं होतं.

खारूताई ही त्यांची नात. खरं नाव वेगळं, पण मिळेल ती माहिती गालात भरून ठेवायची सवय लहानपणापासूनच, म्हणून हे नाव चिकटलं. आई पोस्टात कामाला. ती सुटेपर्यंत खारूताई आजोबांच्या समोरच्या स्टुलावर. सहाव्या वर्षी ती बटण लावायला शिकली, नवव्या वर्षी काज करायला, आणि अठराव्या वर्षी तिने जाहीर केलं, "आजोबा, मी ॲप्रन शिवणार नाही. घालणार." त्या दिवशी आजोबांनी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी सांगितली आणि काहींना तर दोनदा.

आता प्रश्न होता कॉलेजांचा. अर्जात सहाच नावं भरायची होती, तीही पसंतीच्या क्रमाने. वरच्याने घेतलं की खालची आपोआप बाद. मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत.

खारूताईने बेतायच्या तपकिरी कागदाचा हातभर तुकडा घेतला आणि त्यावर तक्ता आखला. जागा किती, वसतिगृह कसं, रुग्णालयात खाटा किती, घरापासून किती तास. दोन आठवडे ती रकाने भरत होती. आई म्हणायची, "अगं, लग्न ठरवतानासुद्धा लोक एवढी चौकशी करत नाहीत."

"म्हणूनच पुढे पस्तावतात," खारूताई म्हणायची.

गुरुवारी दुपारी ती चहा आणायला गेली, तेव्हा आजोबांनी चष्मा पुसून तो तक्ता पहिल्यांदाच नीट पाहिला. सगळ्यात उजवीकडे एक रकाना होता, त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: 'आजोबा'. आणि खाली, दहापैकी गुण. नदीपलीकडचं कॉलेज, दहा. डोंगराकडचं, दोन.

आजोबांच्या हातातली कात्री तशीच राहिली.

त्यांना पंधरा दिवसांपूर्वीचं बोलणं आठवलं. "आजोबा, नदीपलीकडचं कसं वाटतं तुम्हाला?" तिने सहज विचारलं होतं. "छान! तिथले ॲप्रन किती स्वच्छ असतात," त्यांनी सांगितलं होतं. "आणि डोंगराकडचं?" "तिथले? फार फाटतात बाई. धसमुसळी पोरं दिसतात." दोन्ही वाक्यं खरी होती. पण जिभेने ती उलटी करून ठेवली होती.

कारण नदीपलीकडचं कॉलेज पूल ओलांडला की आलंच. ती तिकडे गेली, तर संध्याकाळी स्टूल रिकामं राहणार नव्हतं. डोंगराकडचं कॉलेज तेरा तासांवर होतं. आजोबांनी स्वतःलाही हे स्पष्ट सांगितलं नव्हतं. मन काही गोष्टी आपल्याच मालकाला न विचारता करून टाकतं.

आणि ही पोरगी त्या दोन वाक्यांवर सहा वर्षांचं शिक्षण बेतत होती! यादीत नदीपलीकडचं पहिलं होतं. डोंगराकडच्या नावावर तर काटच मारलेली.

ती चहा घेऊन आली. आजोबा कपाकडे बघत बसले.

"साखर कमी आहे का?"

"नाही. बस इथे."

त्यांनी गाठोड्यातून दोन ॲप्रन काढले. एक नदीपलीकडच्या मुलाचा, कमरेत घट्ट करायला आलेला. दुसरा सुट्टीत घरी आलेल्या डोंगराकडच्या मुलीचा. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

"दोन्ही तीन वर्षं वापरलेले. काय दिसतं ते सांग."

"आजोबा, उद्या अर्ज भरायचाय, आणि तुम्ही माझी परीक्षा घेताय?"

"घेतोय. सांग."

खारूताईने उसासा टाकला आणि वाकली. कापड कसं बघायचं हे तिला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. आधी उजेडाकडे धरायचं, मग उलटं करायचं, मग बोटांनी शिवण चाचपायची. आजोबांनीच हा धडा दिला होता, घाई न करता, शंभर वेळा.

"हा नदीपलीकडचा. बाह्यांच्या कडा नव्यासारख्या. खिशांना ताण नाही. फक्त कॉलर मळलीय."

"कॉलर कुठे मळते?"

"मान घासून. बाकाला टेकून... बसल्या बसल्या." ती थांबली. मग दुसऱ्या ॲप्रनकडे वळली. "हिच्या उजव्या बाहीवर शाई. धुऊन धुऊन निळसर झालीय. खूप लिहिते. खिशाचा कोपरा उसवलाय, वही कोंबून. खालून दुसरं बटण तीनदा लावलंय, दोरे वेगवेगळे आहेत. ते खाटेच्या दांड्यात अडकत असणार, वाकताना. आणि ही खालची कड एकाच बाजूने ओढल्यासारखी का?"

"मीही विचारलं होतं तिला. म्हणाली, लहान मुलांच्या वॉर्डात होते. पोरं कड धरून ठेवतात, जाऊ देत नाहीत."

खारूताईने ती कड बोटांनी सरळ केली.

"अशा कितीतरी मुलांचे ॲप्रन बघितलेत मी," आजोबा म्हणाले. "डोंगराकडचे सगळे असेच येतात. नदीपलीकडचे सगळे तसे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि मला गंडवलंत!"

"गंडवलं नाही गं. अर्धंच सांगितलं."

"ते जास्त वाईट! वर माझ्याच तोंडून वदवून घेताय. सगळ्या रकान्यांची मी दोन-दोनदा खातरजमा केली. खाटा मोजायला तर फोन केले. एक तुमचा रकाना तेवढा तपासला नाही!"

"तपासायला हवा होतास."

"तुमचा?"

आजोबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "तू पुलापलीकडे शिकलीस, तर रोज येशील, असं मी धरून चाललो होतो," ते म्हणाले. "बस, एवढंच. म्हाताऱ्याची लबाडी. मला माफ कर, बाळा."

खारूताई स्टुलावर बसली. तिने चहावरची साय बोटाने बाजूला केली. मग हळूच म्हणाली, "मलाही तेच हवं होतं."

"काय?"

"डोंगराकडच्याला तुमच्या रकान्यात दोनच गुण पडले, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, सुटले. तेरा तास लांब, ओळखीचं कुत्रं नाही, आणि आजारी पडलं तर आई नाही. डॉक्टर व्हायला निघालेय आणि घाबरते सर्दी होईल म्हणून."

आजोबांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "सर्दीला तिथे डॉक्टर मिळतील गं. पुष्कळ मिळतील."

"हो, पण कपाळावर हात ठेवायला?"

आजोबा म्हणाले, "जावंसं वाटत असेल, तर घाबरत घाबरत जा. न घाबरता जाता यायला पाहिजे, असं कुणी लिहून ठेवलंय का?"

संध्याकाळी पोस्टातून आई आली, तेव्हा आजोबा आणि नात तक्त्यावर वाकून भांडत होते. दुसऱ्या क्रमांकावर कोणतं, तिसऱ्यावर कोणतं. आजोबा प्रत्येक कॉलेजाचा एकेक ॲप्रन शोधून पुढे टाकत होते आणि खारूताई वकिलासारखी उलटतपासणी घेत होती. "एकाच मुलाचा बघून नाही चालणार. हा मुलगाच आळशी असेल तर?" मग आजोबा निमूट दुसरा शोधायचे.

"काय चाललंय हे?" आई म्हणाली. "बाबा, गिऱ्हाइकांचे कपडे आहेत ते!"

"पंच आहेत," आजोबा म्हणाले. "तू पण बस. पण बाजू घ्यायची नाही."

आईने यादी वाचली. डोंगराकडचं पहिलं. तिने आधी मुलीकडे, मग बापाकडे पाहिलं. पर्स खाली ठेवली आणि तीही वाकली.

शुक्रवारी चारला खारूताईने दुकानातूनच अर्ज पाठवला. पाठवताना फोन आजोबांपुढे धरला. "दाबा तुम्ही."

"अजिबात नाही. माझ्या बोटावर माझा भरवसा नाही," आजोबा म्हणाले. "तूच."

तिने दाबलं. अर्ज मिळाल्याचा संदेश आला. दोघंही तो वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचत बसली. अजून निकाल नव्हता, कुणी बोलावलं नव्हतं, आणि तरी आजोबांना वाटलं, स्टेशनवर हात हलवून आत्ताच परत आलो.

"तिकडे थंडी असते का गं?" त्यांनी विचारलं.

खारूताई चमकली. "माहीत नाही. तो रकाना केलाच नाही मी."

"बघ! खाटा मोजल्या, आणि पांघरूण विसरलीस."

"करते आत्ता," म्हणत तिने पेन्सिल उचलली. आजोबांनी फडताळातलं चांगलं जाड लोकरीचं कापड काढायला शिडी लावली. काम करता करता दोघांचं त्यावरूनही थोडं भांडण झालंच.