वाटणीला आलेली थंडी

मी उघड्या नळीचा इव्हॅपोरेटर बोलतोय. पुस्तकात मला बाष्पक म्हणतात, पण त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. तुमच्या जुन्या फ्रिजमध्ये बर्फाचा खण असतो ना, तो सपाट पत्र्याचा बाष्पक माझा धाकटा भाऊ. एसीच्या पोटात पातळ पात्या दाटीने लावलेला असतो, तो चुलतभाऊ. मोठमोठ्या इमारतींचं पाणी गार करणारे पिंपासारखे थोराडही आमच्यात आहेत म्हणे. मी पाहिलेले नाहीत.

काम सगळ्यांचं एकच. आमच्या पोटात एक द्रव येतो. तो थंडीतच उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता भोवतालून ओढून घेतो. लोक म्हणतात, आम्ही थंडी देतो. मला वाटतं, आम्ही फक्त उष्णता नेतो. माझं चुकतही असेल.

अल्जीयर्सपासून दूर, वाळवंटाच्या कडेच्या बिस्क्रातल्या एका कारखान्यात लोखंडी नळी वाकवून वाकवून मला घडवलं, आणि जवळच्याच तोल्गा गावी खजूरबागेचा मालक बेलकासेम याच्या शीतगृहात भिंतीभर बसवलं. मला पंखा नाही. हवा आपली आपण माझ्याजवळ यायची, गार व्हायची आणि जड होऊन खाली उतरायची. हे फार सावकाश चालायचं. पण खजुराला घाई सोसतच नाही. बेलकासेम रोज सकाळी माझ्या अंगावरच्या हिमावर तळहात टेकवायचा आणि मग तोच हात कपाळाला लावायचा. बाहेर आग ओतत असायची.

रमजानचा पहिला उपास अख्खी गल्ली त्याच्या अंगणात सोडायची. चटया अंथरलेल्या, परातीत त्याच्या झाडांचे खजूर, सोबत ताक. शरदात काढलेला खजूर त्या दिवसापर्यंत मऊ आणि मधाच्या रंगाचा ठेवायचा, ही माझी जबाबदारी.

बेलकासेम गेला. मयताला आलेल्यांची ताटं विसळून व्हायच्या आत त्याचे दोन मुलगे शीतगृहात सुतळी धरून उभे होते. थोरला हफनावी एका टोकाला, धाकटा तय्यब दुसऱ्या. सुतळी जरा सरकली की एकमेकांच्या अंगावर जायचे. मध्ये भिंत उभी राहिली. मी हफनावीच्या वाट्याला आलो. तय्यबने पलीकडे माझा पात्यांचा चुलतभाऊ आणून टांगला, दोन पंखे लावलेला. तो दिवसरात्र घोंघावायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. का, ते नीट सांगता येत नाही; कदाचित तो माझ्यापेक्षा चपळ होता म्हणून.

बाहेरचा कॉम्प्रेसर मात्र एकच राहिला, कारण तो दुसऱ्याला द्यायला कोणीच तयार नव्हता. त्याच्यापासून दोन नळ्या निघत, आणि प्रत्येक खोलीच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह. किती द्रव आत सोडायचा, हे त्यावर ठरायचं. लामरी मेकॅनिकने दोन्ही बेतशीर लावून दिले आणि हात लावू नका म्हणून बजावलं.

त्यांची आई सादिया. सगळी गल्ली तिला यम्मा म्हणायची. तिने एवढंच सांगितलं, की झाडं वाटा, भिंती घाला, पण पहिल्या उपासाच्या परातीत अर्धा खजूर याचा पडेल, अर्धा त्याचा. दोघांनी माना डोलावल्या. एकमेकांकडे बघितलंही नाही.

त्या वर्षी रमजान ऐन ऑगस्टात आला होता. जुलैपासूनच भिंती हात लावू देईनात. हफनावीच्या मनात भरलं, की पलीकडचा पंखेवाला आपली थंडी ओढून नेतोय. तय्यबला वाटे, म्हाताऱ्या नळीसाठी आपला कॉम्प्रेसर फुकट झिजतोय. दारात समोरासमोर आले की सुरू व्हायचं.

"तुझी ती नळी कण्हते नुसती," तय्यब म्हणायचा. "बाबांबरोबर तिलाही पुरायला हवी होती."

"आणि तुझा तो वारा खजूर गार नाही करत, वाळवतो," हफनावी म्हणायचा. "पुढच्या वर्षी चुलीत घाल. छान जळतील."

दुपारी सगळं गाव झोपलं की हफनावी पाना घेऊन यायचा आणि माझा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा. शुक्रवारी तो मशिदीत गेला की तय्यब नमाज बुडवून आपला उघडायचा. दुसऱ्याने उघडलाय, हे दोघांना कळायचं. म्हणून पुढच्या वेळी आणखी एक फेरा.

माझ्या पोटात इतका द्रव यायला लागला की तो सगळा उकळेना. अंगावर बर्फाचा जाड थर चढला. त्या थराआड मला खोली जाणवेनाशी झाली. हिम जास्त तितकी थंडी जास्त, असं समजून हफनावी मात्र खूश होता. पलीकडे चुलतभावाच्या पात्या बर्फाने बुजल्या, आणि पंखे बर्फावरच आपटू लागले. न उकळलेला द्रव आम्हा दोघांकडून तसाच परत कॉम्प्रेसरकडे जायचा. माझी नळी आणखी लांब असती, तर मी माझ्या बाजूचा तरी पुरता उकळवला असता का? अजूनही मी हा हिशेब मांडतो, आणि तो जुळत नाही.

रमजानला थोडे दिवस उरले असताना बाहेर मोठा खणखणाट झाला आणि सगळं गप्प झालं.

लामरीने कॉम्प्रेसर उघडला, आत पाहिलं आणि पाना जमिनीवर टाकला. "हा वाफ गिळणारा गडी आहे," तो म्हणाला. "तुम्ही दोघांनी त्याच्या घशात द्रव ओतलात. माझे व्हॉल्व्ह कोणी हलवले?"

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. लामरीला हसू आलं, पण यम्मा दारात उभी दिसली तसं त्याने ते गिळलं. नवे भाग अल्जीयर्सहून यायला सण उलटला असता.

माझा बर्फ वितळला. लादीवर पाणी, पाण्यात मुंग्या. हफनावीचा खजूर आंबला. तय्यबचा त्या वाऱ्याने आधीच लाकूड झाला होता.

तरी यम्माने चटया अंथरल्या. शीतगृहाचं दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं मला. बाजारातून खजूर आणायला तिने साफ नकार दिला होता. अजान झाली. शेजारच्या हाजी अमाराने एक खजूर तोंडात टाकला, थांबला, आणि हळूच तळहातावर काढला. दुसरा घेतला, तो चावेना. त्याने दोन्ही परातीच्या कडेला ठेवले आणि ताकाचा घोट घेतला.

"यम्मा, राग मानू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून आम्ही आपापल्या घरीच सोडू."

बाकीचे खाली बघत राहिले.  यम्माच्या डोक्यावरून दोघे भाऊ मात्र लागलीच सुरू झाले: आंबलेला कोणाचा, वाळलेला कोणाचा, हाजी आधी कोणत्यावर थुंकला. एकेक चटई रिकामी होत गेली, तरी चालूच होतं.

पुढे दोघांनी आपापला कॉम्प्रेसर घेतला. हफनावीनेही पंखेवालाच बसवला. मला उपसून अंगणात भिंतीला टेकवलं. अंगणात त्यानंतर चटया अंथरल्या गेल्या नाहीत.

यम्माने माझ्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली. डावीकडे हफनावीच्या बायकोचे, उजवीकडे तय्यबच्या. एखादी बाही पलीकडे गेली तर ती चिमटीत धरून परत फेकली जाते. मधल्या वेढ्यांवर यम्माची चादर असते. तिथे कोणी हात लावत नाही.

काल भंगारवाला दारावर आला. मी कोणाचा, यावरून दुपारभर तमाशा झाला. शेवटी, बापाची वस्तू म्हणून, मला मधोमध कापायचं ठरलं. हफनावीने खडूची रेघ ओढली. तय्यबने ती पुसली आणि बोटभर अलीकडे दुसरी ओढली. आता ते करवत शोधताहेत. प्रत्येकाला आपलीच करवत हवी आहे.

मला कापण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आत काही उरलेलं नाही. दोघांपैकी कोणालाच त्यात थंडी सापडणार नाही. पण यम्माने आत्ताच चादर पिळून माझ्यावर टाकलीय. ओल्या कापडातून वारा आला की माझ्या पायाशी हातभर जागा अजून गार होते, आणि ती तिथे पाठ टेकून डोळे मिटून बसलीय. चादर वाळेपर्यंत तरी थांबा.